मतं दोन, खासदार दोन आणि बाबासाहेबांचा पराभव

उल्हासनगर महापालिकेसाठी तुम्ही पहिल्यांदा मत द्यायला जाल, तेव्हा आधी जरा गोंधळायला होईल. मतदार एक आणि मतं चार! शहरात नगरसेवक 78 आणि प्रभाग 20. त्यामुळे बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण. अंबरनाथ-बदलापूरच्या मित्रांचंही तसंच. तिथे प्रभागात साधारण दोन नगरसेवक आणि नगराध्यक्षासाठी आणखी एक मत. मग घरी येऊन आपण म्हणतो, 'एकाला दिलं, बाकीची कुठलीही दाबली.'

हे 'बाकीचं मत' किती महाग पडू शकतं, याचा धडा आपल्या शेजारच्या मुंबईने 1952 मध्येच दिलाय. आणि त्या निवडणुकीत हरलेला माणूस होता राज्यघटनेचा शिल्पकार.

401 मतदारसंघ, 489 खासदार

देशाची पहिली लोकसभा निवडणूक ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 अशी चार महिने चालली. मतदार 17 कोटींहून जास्त, मतदानाचं वय 21. खासदार निवडायचे होते 489, मतदारसंघ मात्र 401. हे गणित कसं जमलं? 86 मतदारसंघांतून दोन-दोन खासदार जाणार होते आणि एका मतदारसंघातून तीन. दलित आणि आदिवासींसाठीची राखीव जागा वेगळ्या मतदारसंघात न ठेवता अशा जोड मतदारसंघातच ठेवलेली असायची.

मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडायच्या. त्यावर ना उमेदवाराचं नाव, ना चिन्ह. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. सेंट्रलने जाताना तुम्ही रोज जे विक्रोळी स्टेशन मागे टाकता, तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात यातल्या लाखो पेट्या तयार झाल्या होत्या.

नियम साधा होता. दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकालाच दिली, तर एकच धरायचं आणि दुसरं बाद.

दुसऱ्या नंबरवाला घरी, तिसरा दिल्लीत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. ते उत्तर मुंबईच्या जोड मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे राहिले. पक्ष शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, चिन्ह हत्ती. समाजवादी पक्षाशी युती होती, म्हणून सर्वसाधारण जागेवर जोडीला अशोक मेहता. समोर काँग्रेसची बैलजोडी घेऊन विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण काजरोळकर. शिवाय कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते.

निकाल नीट वाचा. गांधी 1,49,138. मेहता 1,39,741. काजरोळकर 1,38,137. आंबेडकर 1,23,576. डांगे 96,755.

आता सांगा, खासदार कोण? पहिले दोघे? नाही. आधी राखीव जागा भरायची, म्हणजे अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो आत. ते काजरोळकर. मग उरलेल्यांत सर्वाधिक मतं कुणाला? गांधींना. मेहता दुसऱ्या क्रमांकावर असूनही घरी बसले. बाबासाहेब 14,561 मतांनी पडले.

आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध याचिका केली. 74,333 मतपत्रिका बाद ठरल्या, मोजल्याच गेल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पराभवाच्या फरकाच्या पाचपट! याचिका फेटाळली गेली आणि निकाल कायम राहिला.

अर्थात, पराभवाचं खापर केवळ बाद मतांवर फोडता येणार नाही. काँग्रेसची लाटच होती. 489 पैकी 364 जागा त्यांच्या. फेडरेशनचे देशभरातून दोनच खासदार आले. त्यातले एक पां. ना. राजभोज आपल्याच सोलापूरचे. तोही जोड मतदारसंघच! तिथली दुसरी जागा शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरे यांनी जिंकली. म्हणजे अशा मतदारसंघात काँग्रेसला हरवणं अशक्य नव्हतं.

बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली. पुन्हा जोड मतदारसंघ, पुन्हा जोडीला मेहता. या वेळी मेहता निवडून आले आणि बाबासाहेब हरले. लोकांनी निवडून दिलेल्या लोकसभेत ते कधीच बसू शकले नाहीत.

मग आपण काय करायचं?

1961 मध्ये कायदा करून जोड मतदारसंघ बंद झाले. तेव्हापासून राखीव मतदारसंघ वेगळा असतो. आपला अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ तसाच, अनुसूचित जातींसाठी राखीव. पण एका मतदाराच्या हातात अनेक मतं, हा प्रकार महापालिकेच्या प्रभागात परत आलाच. फरक एवढाच की आता प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, त्यामुळे मेहतांसारखी गत होत नाही. आणि चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय तुमचं मतदान पूर्ण होत नाही.

म्हणजे चौथं मत तुम्ही देणारच आहात. प्रश्न इतकाच की विचार करून की अंदाजपंचे. आपल्या प्रभागातली ब जागा महिलेसाठी आहे की आणखी कुणासाठी, तिथे कोण उभं आहे, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. कुणीच पटत नसेल तर प्रत्येक जागेला 'नोटा' आहे. तोही विचार करूनच दाबा.

आणि यादीत नावच नसेल तर? सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. फॉर्म नंबर 6, ऑनलाइनही भरता येतो. पूर्वी अठरा पूर्ण झाल्याचा हिशेब फक्त 1 जानेवारीला व्हायचा. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चारही महिन्यांची पहिली तारीख धरतात. कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या होण्यासारखं काम आहे. आजच उरकून टाका.