चढावर सायकल का अडते?

गाव आणि हायस्कूल यांच्यामध्ये एखादी लहानशी खिंड असते. रस्ता सामसूम, चढ जेमतेम तीनशे मीटरांचा. पण धडधाकट पोरगाही निम्म्यात सायकलवरून उतरतो. ‘घरी जेवतोस की नाही?’ असं कुणीतरी विचारतंच. शाळेत उशीर झाल्याबद्दल बोलणी बसतात ती निराळी. माझं म्हणणं असं, की दोष पोराच्या अंगात नाही, सायकलीच्या दात्यांत आहे.

हिशेब करून पाहू. समजा, दर १० मीटरांमागे रस्ता १ मीटर चढतो. मुलाचं वजन ५० किलो, सायकल-दप्तराचं २० किलो, एकूण ७०. चढ दहात एक असल्यामुळं या वजनाचा दहावा भाग, म्हणजे ७ किलोचा जोर, सायकलीला सतत मागं ओढत असतो. तुम्ही म्हणाल, सात किलो म्हणजे काय मोठंसं! पण आपल्या साध्या सायकलीला पुढच्या चकतीवर ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलवर १८ दाते धरले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढं जाते. पाऊल मात्र तेवढ्यात मीटरभरच फिरतं. अंतर पाचपट, तर जोरही पाचपट. सातचे झाले पस्तीस किलो. तेही सरासरीनं. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा दाब फुकटच जातो. ती भरपाई करायला पायडल आडवं असताना सुमारे ५५ किलोंचा दाब द्यावा लागतो. मुलाचं वजन तर ५०! म्हणून तो उठून उभा राहतो आणि हँडल वर ओढतो. कॅरिअरला दुधाच्या भरल्या किटल्या असतील, तर त्या माणसाची काय गत होत असेल, ते तुम्हीच मांडून पाहा.

बरं, सावकाश जावं म्हटलं, तर सायकल डुगडुगते आणि पडते.

मुलं खालून जोरात धाव घेतात. त्याचा लाभ किती? ताशी १८ किलोमीटरच्या वेगानं आलेली सायकल त्या वेगावर जेमतेम सव्वा मीटर उंच चढते. इथं चढायचे आहेत तीस मीटर! त्या सव्वा मीटरासाठी पायथ्याशीच दम घालवणं परवडत नाही. काहीजण रस्त्यावर नागमोडी जातात. त्यानं चढ खरोखर सौम्य होतो, अंतर मात्र वाढतं. पण समोर वळण असेल, तर रस्ता सामसूम म्हणून गाफील राहू नये. एखादी जीप यायचीच.

खरा उपाय दात्यांचा. मागं १८ ऐवजी २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं, की पस्तीस किलोंचे सुमारे एकोणतीस होतात. साखळी थोडी वाढवावी लागेल, सपाटीवर पायही जास्त फिरवावे लागतील. रोज खिंड चढणाऱ्यानं हा सौदा जरूर करावा. गिअरच्या सायकलीत पुढंमागं सारखेच दाते लावता येत असतील, तर जोर पंधरा किलोंच्याही आत येतो. एकूण श्रम तेवढेच, फक्त अधिक फेऱ्यांत वाटलेले. फ्रान्समधल्या ‘टूर द फ्रान्स’ या नामांकित शर्यतीत चालता चालता गिअर बदलण्याची मुभा १९३७ साली मिळाली. त्याआधी तिथले पट्टीचे स्वारही घाटाच्या पायथ्याशी उतरत आणि मागचं चाक काढून उलटं बसवीत. त्याच्या दुसऱ्या बाजूला जास्त दाते असत.

तेव्हा सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा कसला? त्यापेक्षा उताराची काळजी वाहावी. हवेचा अडथळा आणि ब्रेक नसते, तर तीस मीटर उतरताना वेग ताशी ८७ किलोमीटरपर्यंत गेला असता. पावसात लोखंडी रिम ओली झाली, की रबर तिच्यावरून घसरतं. म्हणून ब्रेक माथ्यावरच दाबून पाहावेत.

शिक्षकांना एक सुचवतो. प्रयोगशाळेतला ताणकाटा घेऊन वर्ग चढावर न्या. काटा रिकाम्या सायकलीला बांधून तिला चढाच्या दिशेनं धरा. वीस किलोंची सायकल या चढावर सुमारे दोन किलो दाखवील. मग दाते मोजायला सांगा, आणि पायडलावर किती जोर लागेल, तो आकडा मुलांनाच काढू द्या.