सापाच्या गुणसूत्रांवरची रायबोसोमी जनुके

रायबोसोम हे पेशीतले प्रथिने घडवणारे यंत्र. त्याच्या गाभ्यातला आरएनए ज्या जनुकांवरून उतरतो ती रायबोसोमी जनुके. रायबोसोम लाखोंनी लागतात, त्यामुळे जनुकाच्या एका प्रतीवर भागत नाही. १८एस, ५.८एस आणि २८एस या तिघांचा गट, मध्ये अंतर सोडत, एकामागोमाग शेकडो वेळा मांडलेला असतो. ५एसची रांग मात्र वेगळी. तिघांच्या गटाच्या मोठ्या रांगेच्या जागीच केंद्रिका आकार घेते. मक्यात ही जागा बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३४ साली ओळखली.

मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या डोंगरात घोणस, नाग, मण्यार, धामण असे सगळे आढळतात, पण त्यांचे गुणसूत्रसंच एकसारखे नाहीत. घोणशीत ३६ गुणसूत्रे असतात: १६ मोठी आणि २० सूक्ष्म. सापांतली सर्वांत रुळलेली मांडणी हीच. नागात ३८. मण्यारीच्या मादीत तर दोनपेक्षा जास्त लिंगगुणसूत्रे असतात. हे लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली मांडले.

रायबोसोमी जनुके पुष्कळ सापांत एखाद्या सूक्ष्म जोडीवर असतात, घोणस-कुळात तर बहुधा तिथेच. इतर काही सापांत ती मोठ्या गुणसूत्रावर बसलेली दिसतात. म्हणजे गुणसूत्रांची संख्या तीच राहूनही ही जागा बदलू शकते, आणि म्हणूनच ती नात्यागोत्याचा पुरावा म्हणून कामी येते. एकट्या या पुराव्यावर कुळाची वंशावळ रचणे मात्र धाडसाचे.

जागा पाहण्याची जुनी रीत चांदीची. कोल्चिसिनने विभाजन थांबवलेल्या पेशी पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावात फुगवायच्या, मिथेनॉल व ॲसिटिक आम्लात स्थिर करून काचपट्टीवर पसरायच्या. वर जिलेटिन आणि सिल्व्हर नायट्रेट घालून ऊब दिली की पिवळसर गुणसूत्रांवर काळे ठिपके उमटतात. पण चांदी चढते ती जनुकांवर नव्हे, तिथल्या प्रथिनांवर; त्यामुळे आधीच्या पेशीचक्रात कामाला लागलेल्या रांगाच दिसतात, निष्क्रिय रांगा निसटतात. चमकणारा डीएनए-शोधक वापरला की त्याही सापडतात.

नागाचा जनुकसंच २०२० साली प्रसिद्ध झाला. तरीही एकसारख्या प्रतींची लांब रांग संगणकाला जुळवताना दुमडली जाते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालचा ठिपका अजून निकालात निघालेला नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवूनही गुणसूत्रे मिळतात, त्यासाठी साप मारावा लागत नाही. मेळघाटासारख्या संरक्षित वनात वनखात्याच्या परवानगीखेरीज त्याला हात लावणेही गुन्हा आहे.