मुमताज महल (घोडी)

मुमताज महल : (१९२१–४५). इंग्लंडमधील अश्वशर्यतींच्या इतिहासातील एक असाधारण वेगवान थरोब्रेड घोडी. तिच्या मुलींपासून निघालेल्या शाखांनी विसाव्या शतकातील जगभरच्या थरोब्रेड पैदाशीला वळण लावले. मालक तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह (१८७७–१९५७). तिच्या विलक्षण गतीमुळे तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रे तिला ‘उडती घोडी’ म्हणत. स्वतः एक मैलाची (सु. १,६०९ मी.) शर्यतही ती जिंकू शकली नाही; मात्र तिच्या वंशजांनी दीड मैलाच्या मोठमोठ्या शर्यतींत उच्चांक प्रस्थापित केले. तिच्या चरित्रातील हा विरोधाभास अश्वपैदासकारांच्या कायमच्या अभ्यासाचा विषय आहे.

मुंबई-पुण्याच्या शर्यतजगताशी तिच्या मालकाच्या घराण्याचा जुना संबंध होता. पहिले आगाखान इराणमधून येऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत स्थायिक झाले, तेव्हापासून या घराण्यात घोडे बाळगण्याची व शर्यतीत उतरविण्याची परंपरा होती. त्या काळी मुंबईच्या शर्यती भायखळ्याच्या मैदानावर होत आणि त्यांत इराणी आखातातून आणलेल्या अरबी घोड्यांचा भरणा असे. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. तिसऱ्या आगाखानांचे घोडे तारुण्यापासूनच मुंबई व पुणे येथे धावत होते. पुण्याच्या येरवडा भागातील त्यांचा १८९२ मध्ये बांधलेला प्रासाद पुढे म. गांधींच्या स्थानबद्धतेमुळे (१९४२–४४) सर्वांच्या परिचयाचा झाला. इंग्लंडमध्ये स्वतःची पागा उभारण्याचे त्यांनी १९२१ च्या सुमारास ठरविले. तयार घोड्यांपेक्षा उत्तम कुळातील वर्षभराची शिंगरे घ्यावीत व त्यांतील माद्यांवर पुढची पैदास उभारावी, असे त्यांचे धोरण होते. निवडीचे काम त्यांनी जॉर्ज लँबटन या जाणत्या प्रशिक्षकाकडे सोपविले होते. १९२२ मध्ये डॉनकॅस्टर येथील लिलावात लँबटनने आगाखानांसाठी ९,१०० गिनींची बोली देऊन एक राखी रंगाचे मादी शिंगरू घेतले. एक वर्षाच्या शिंगरासाठी ही किंमत त्या काळी फार मोठी होती. हेच शिंगरू म्हणजे मुमताज महल.

यॉर्कशरमधील साइक्स घराण्याच्या स्लेडमीअर पागेत तिची पैदास झाली होती. पिता द टेट्रार्क व माता लेडी जोसेफीन. द टेट्रार्क १९१३ मध्ये दोन वर्षांचा असताना सात शर्यती धावला व सातही जिंकला. पुढे दुखापतीमुळे तो शर्यतीत उतरलाच नाही. त्याच्या राखी अंगावर पांढऱ्या चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके होते. मुलीने त्याच्यापासून रंग व वेग दोन्ही उचलले. आईकडील कूळही कमी अंतराच्या वेगासाठी प्रसिद्ध होते. थोडक्यात, तिच्या पितृकुळातून व मातृकुळातून आला तो वेगच. दमाचा वारसा त्या मानाने फारच थोडा. शाहजहानच्या बेगमेचे नाव या घोडीस देण्यात आले. तापीकाठच्या बऱ्हाणपुरास १६३१ मध्ये निधन पावलेल्या या बेगमेच्या नावाची परंपरा पुढे घोडीच्या मुलानातवंडांच्या नावांतही चालू राहिली.

घोडीचे प्रशिक्षण बर्कशरमधील व्हॉटकूम येथे डिक डॉसनकडे झाले. जॉर्ज ह्यूम हा तिचा जॉकी. १९२३ मध्ये, दोन वर्षांची असताना, ती सहा शर्यती धावली. न्यूमार्केटच्या पहिल्याच शर्यतीत तिने पाहणाऱ्यांना थक्क केले. त्यानंतर रॉयल ॲस्कटची क्वीन मेरी स्टेक्स तिने दहा लांबींनी जिंकली (‘लांबी’ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचे अंतर, शर्यतीतील आघाडी या मापाने मोजतात). पाठोपाठ सँडाउनची नॅशनल ब्रीडर्स प्रोड्यूस स्टेक्स, गुडवुडची मोलकम स्टेक्स व डॉनकॅस्टरची शँपेन स्टेक्स या शर्यतीही तिने जिंकल्या. सुरुवातीचा दोर उडताच ती पुढे जाई आणि बाकीच्यांना तिच्यापर्यंत पोहोचण्याची संधीच मिळत नसे. विदर्भात यवतमाळ व लगतच्या जिल्ह्यांत भरणाऱ्या शंकरपटात बैलजोडीचा निकाल काही सेकंदांत लागतो. त्याच जातीची ही परीक्षा असते, फक्त अंतर मोठे. पाच फर्लांगांची (सु. १ किमी.) शर्यत उत्तम घोडा सुमारे एका मिनिटात संपवितो आणि तेवढ्या वेळात झालेली किंचित चूकही भरून काढता येत नाही. हंगामाच्या अखेरीस केम्प्टन पार्कच्या इंपीरियल प्रोड्यूस प्लेट या शर्यतीत मात्र चिखलाने जड झालेल्या मैदानावर आर्केड या घोड्याने तिला अर्ध्या लांबीने हरविले. तिच्या दमाविषयीच्या शंकेस येथून सुरुवात झाली.

पुढील वर्षी ही शंका खरी ठरली. १९२४ च्या वन थाउजंड गिनीज या एक मैलाच्या अभिजात शर्यतीत ती नेहमीप्रमाणे आघाडीवर धावली. परंतु अखेरच्या टप्प्यात प्लॅक या घोडीने तिला मागे टाकले व तिला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ॲस्कटच्या कॉरोनेशन स्टेक्समध्ये, तेही मैलाचेच अंतर, ती पहिल्या तिघांतही आली नाही. तेव्हा मालक व प्रशिक्षक यांनी मोठ्या अंतराचा नाद सोडला आणि तिला पुन्हा कमी अंतरावर आणले. गुडवुडची किंग जॉर्ज स्टेक्स व यॉर्कची नन्थॉर्प स्टेक्स या दोन्ही शर्यती तिने सहज जिंकल्या. नन्थॉर्पमध्ये प्रतिस्पर्धी सहा लांबी मागे होते. एवढ्यावर तिची शर्यतीची कारकीर्द संपली. दहा शर्यती, सात विजय व दोनदा दुसरा क्रमांक, हा तिचा एकंदर हिशेब. लक्षात राहणारी घोडी म्हणून तिची नोंद तेवढ्यावरही झालीच असती, तथापि पैदासकारांच्या त्या काळच्या समजुतीप्रमाणे डर्बी-ओक्ससारख्या दीड मैलाच्या (सु. २,४१४ मी.) शर्यतींचे घोडे निर्माण करण्यास अशी घोडी फारशी उपयोगी नव्हती.

आगाखानांनी ही समजूत मानली नाही, हे पैदासकार म्हणून त्यांचे मोठेपण होय. त्यांच्या पागेत संकरांची आखणी कर्नल व्हिलिए या फ्रेंच तज्ज्ञाच्या सल्ल्याने होई. थोर घोड्यांच्या वंशावळीत कोणत्या पूर्वजाचा किती अंश आढळतो, याचे गणित बारा पिढ्यांपर्यंत मांडून नर-मादीची जोडी ठरविण्याची पद्धत व्हिलिएने काढली होती. १९३१ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पत्नीने हे काम पुढे चालविले. या गणिताचे शास्त्रीय मूल्य वादग्रस्त आहे. पण मुमताज महलच्या बाबतीत त्यातून निघालेला व्यवहार साधा होता : अतिवेगवान मादीस दीड मैल व त्याहून अधिक अंतराचा दम सिद्ध केलेला नर द्यावयाचा आणि मिळालेल्या मुलीच्या बाबतीतही तेच करावयाचे. घोडीचा गर्भावधी सुमारे अकरा महिन्यांचा असल्याने तिला वर्षाकाठी एकच शिंगरू होते. वळू घोड्याप्रमाणे शेकड्यांनी संतती तिच्या वाट्यास येत नाही. त्यामुळे मादीची पारख होण्यास एक पिढी पुरत नाही, दोन लागतात.

पहिल्या पिढीने फारसा चमत्कार दाखविला नाही. मुलग्यांपैकी मिर्झा दुसरा याने १९३७ मध्ये कव्हेंट्री स्टेक्स जिंकली. बद्रुद्दीनही चांगला धावला. परंतु वंशविस्ताराच्या दृष्टीने हे दोघे आपल्या बहिणींच्या पासंगालाही पुरले नाहीत. माह महल (१९२८), मुमताज बेगम (१९३२) व रुस्तम महल (१९३४) या तिच्या तीन मुली. त्यांपैकी रुस्तम महल शर्यतीत कधी धावलीही नाही आणि इतर दोघींची शर्यतीतील कामगिरी बेताचीच होती. तरीही थरोब्रेडच्या इतिहासात मुमताज महलचे जे स्थान आहे, ते या तिघींमुळेच.

माह महल ही १९१८ च्या त्रिमुकुटविजेत्या गेन्सबरोची मुलगी. आगाखानांच्याच डर्बीविजेत्या ब्लेनिमपासून तिला १९३३ मध्ये माहमूद झाला. आजीसारखाच राखी, लहान चणीचा हा घोडा १९३६ ची एप्सम डर्बी २ मिनिटे ३३·८ सेकंदांत जिंकला. दुसरा आलेला ताज अकबर हाही आगाखानांचाच होता. माहमूदचा हा उच्चांक १९९५ पर्यंत, म्हणजे तब्बल एकोणसाठ वर्षे अबाधित राहिला. दमाअभावी मैल न पेलणाऱ्या घोडीच्या नातवाने हे करून दाखवावे, हे पैदासकारांना अनपेक्षित होते. माह महलची दुसरी मुलगी माह इराण हिच्यापासून मिगोली (१९४८ च्या आर्क द त्रिओंफ शर्यतीचा विजेता) झाला, तर तिची नात पतित एत्वाल हिने १९५९ मध्ये वन थाउजंड गिनीज व ओक्स या दोन्ही शर्यती जिंकल्या.

या शाखेत राखी रंगाची परंपराही डोळ्यांनी पाहता येते. राखी (जुन्या मराठीत ‘सबजा’) रंगाचे जनुक प्रभावी असते. आईबापांपैकी एक राखी असल्याखेरीज शिंगरू राखी होत नाही आणि एकदा साखळी तुटली की तो रंग त्या शाखेतून कायमचा जातो. द टेट्रार्क, मुमताज महल, माह महल, माह इराण, स्टार ऑफ इराण, पतित एत्वाल अशी ही साखळी सहा पिढ्या अखंड होती. शिंगरे जन्मतः गडद असतात व वयाबरोबर पांढरी होत जातात.

मुमताज बेगम रंगाने तांबूस-तपकिरी; त्यामुळे तिच्या शाखेत राखी रंग उतरला नाही. तिला नेआर्को या इटालियन घोड्यापासून १९४० मध्ये नसरुल्ला झाला. गुणी, पण लहरी असा हा घोडा १९४३ च्या डर्बीत तिसरा आला व त्याच वर्षी त्याने चँपियन स्टेक्स जिंकली. मर्जी नसल्यास तो जागचा हलत नसे. पैदाशीत मात्र त्याने जगाचा नकाशा बदलला. १९५० मध्ये तो अमेरिकेतील केंटकीस गेला. ब्रिटनमध्ये १९५१ साली व अमेरिकेत पाच वेळा तो अग्रणी वळू ठरला; अटलांटिकच्या दोन्ही बाजूंस हा मान मिळविणारा तो पहिलाच घोडा. त्याच्या बोल्ड रूलर या मुलाचा मुलगा सेक्रेटॅरिएट. त्याने १९७३ मध्ये अमेरिकी त्रिमुकुट जिंकताना बेलमाँटचे दीड मैलाचे अंतर २ मिनिटे २४ सेकंदांत, एकतीस लांबींच्या आघाडीने तोडले. हा उच्चांक अद्यापही मोडलेला नाही. मुमताज बेगमची दुसरी संतती सन प्रिन्सेस. तिचा मुलगा रॉयल चार्जर याच्या थेट नरवंशात जपानी पैदाशीचा कायापालट करणारा संडे सायलेन्स व त्याचा पुत्र डीप इम्पॅक्ट हे घोडे मोडतात.

रुस्तम महलचा मुलगा अबरनँट (१९४६) याने आजीचा मूळ स्वभाव जशाचा तसा उचलला. राखी रंग, पाच-सहा फर्लांगांची झेप आणि त्यापुढे अपुरा दम. १९४९ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये तो केवळ मुंडक्याच्या फरकाने हरला. पण आजीने १९२४ मध्ये जिंकलेल्या किंग जॉर्ज व नन्थॉर्प या दोन्ही शर्यती त्याने १९४९ व १९५० अशा लागोपाठ दोन वर्षी जिंकल्या.

या यशाचा मोठा वाटा आगाखानांच्या हातून निसटला, हेही नमूद केले पाहिजे. माहमूद १९४० मध्ये अमेरिकेतील व्हिटनी यांस विकला गेला व १९४६ मध्ये तेथील अग्रणी वळू ठरला. नसरुल्लाही विकला गेला. रुस्तम महल व सन प्रिन्सेस या माद्याही इतरांच्या पागांत गेल्यामुळे अबरनँट व रॉयल चार्जर यांच्यावर आगाखानांचा हक्क राहिला नाही. डर्बीविजेते परदेशी विकल्याबद्दल इंग्रज पैदासकारांनी त्यांच्यावर कडक टीका केली. ती अगदीच निराधार नव्हती. परंतु युद्धकाळात पागा चालविण्याचा खर्च आणि अनिश्चितता ध्यानात घेतली, तर ही विक्री अनाकलनीयही वाटत नाही. त्यांनी राखलेल्या माद्या मात्र घराण्याच्या पुढील पिढ्यांना पुरल्या. १९८१ ची डर्बी दहा लांबींनी जिंकणारा व १९८३ मध्ये आयर्लंडमधून अपहृत झालेला शेरगर आणि २००८ ची आर्क शर्यत जिंकून सात शर्यतींत अपराजित राहिलेली झरकावा ही दोन्ही या मादीवंशातील. झरकावा ही पतित एत्वालच्या मुलीकडून आलेल्या शाखेची होय.

मुमताज महल १९४५ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावली. वेग व दम यांच्या आनुवंशिकतेविषयी तिच्या काळी केवळ अनुभवाचे ठोकताळे होते. २०१० मध्ये आयर्लंडमधील संशोधकांनी स्नायूंची वाढ नियंत्रित करणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाच्या प्रकारांचा घोड्याच्या अनुकूल अंतराशी संबंध दाखवून दिला. वेगाचा एक प्रकार आईकडून व दमाचा दुसरा बापाकडून मिळालेली संतती मध्यम अंतरास योग्य ठरते. वेगवान मादीस दमदार नर देण्याच्या जुन्या रिवाजाला त्यातून काहीसा आधार मिळतो.

भारतातही तिचे रक्त फिरून परत आले आहे. हरियाणातील उषा स्टडमध्ये रझीन हा अग्रणी वळू ठरला. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममध्ये (स्थापना १९४६) आणलेला प्लेसरव्हिल हा मिस्टर प्रॉस्पेक्टरचा मुलगा. मिस्टर प्रॉस्पेक्टरची आई नसरुल्लाचा मुलगा नाशुआ याची कन्या होती. या दोन वळूंच्या संततीने महालक्ष्मी व पुणे येथील मैदानांवर अनेक शर्यती जिंकल्या आहेत.