ड्यूटी चार्ट की शेठचा फोन?

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. चिपळूणच्या आमच्या उर्दू शाळेत तो दहावीपर्यंत होता, पुढे त्याने सायन्स घेतले आणि आज एका मोठ्या एअरलाइनमध्ये को-पायलट आहे. त्याचे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. मुलाच्या ट्रेनिंगसाठी त्यांनी राहते घर तारण ठेवले तेव्हा मोहल्ल्यात बरीच कुजबुज झाली होती. आता त्याच मोहल्ल्यातली मुले "आपा, पायलट व्हायला काय लागतं?" असे मला विचारत असतात.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "आपा, एक मशवरा हवा होता." मुंबईतल्या एका उद्योगपतीच्या खासगी जेटवर त्याला नोकरी मिळत होती. पगार आताच्याहून जास्त, महिन्यातली उड्डाणे निम्म्याने कमी आणि मुख्य म्हणजे मुक्काम मुंबईत. सध्या तो दिल्लीत एकटा राहतो. बायको आणि दीड वर्षाची मुलगी चिपळूणला. दिल्लीहून घरी यायचे तर सुट्टीचा एक दिवस वाटेतच जातो. मुंबईत बिऱ्हाड केले तर कोकण रेल्वेने पाच-सहा तासांत घर.

"जाऊ का?" त्याने विचारले.

मी व्याकरण शिकवणारी बाई, विमानातले मला काय कळणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. ओळखीतून दोन-तीन पायलटांशी बोलले, त्यांच्या घरच्यांशी त्याहून जास्त बोलले. त्यातून जे समजले ते लिहिते आहे, कारण हा प्रश्न उद्या आपल्या आणखी घरांत येणार आहे.

आधी थोडे मागे जाऊ. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, डीजीसीएची कडक मेडिकल तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण, एवढे झाले की कमर्शियल पायलटचे लायसन्स मिळते. वय १८ पूर्ण हवे. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया इथे फ्लाइंग स्कूल आहेत. खर्च आज साधारण सत्तर-ऐंशी लाखांच्या घरात जातो, आणि लायसन्स हातात आले तरी एकेका जातीच्या विमानाचे वेगळे ट्रेनिंग लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस ए३२० चालवणाऱ्याला उद्या छोट्या जेटवर बसायचे झाले तर पुन्हा शिकावे लागते. म्हणजे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्यासाठी नोकरी बदलणे हे दुकान बदलण्याइतके सोपे नाही.

आता एअरलाइनचे जगणे. तिथे सगळे रोस्टरवर चालते. कोणत्या तारखेला किती वाजता कुठून कुठे जायचे, मुक्काम कुठे, सुट्टी कधी, हे आधी कागदावर येते. माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोने ते फ्रिजवर चिकटवले आहे. मुलीचे लसीकरण, नणंदेच्या मुलाचा अकीका, सगळे ती त्यावर बोट ठेवून ठरवते. एका गोष्टीवर मात्र रोस्टरचा इलाज नाही. ईदची रजा महिनाभर आधी मागावी लागते आणि चंद्र काही रोस्टर बघून उगवत नाही. गेल्या वर्षी त्याने एका दिवसाची रजा घेतली, ईद दुसऱ्या दिवशी झाली, आणि नमाज त्याने दिल्लीत पढली.

थकवा खरा आहे. रात्री अडीचला गजर, तीनला दाराशी कॅब, मग दिवसातून तीन-चार वेळा उडणे आणि उतरणे. म्हणूनच डीजीसीएने नियम कडक केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मानली जाणारी रात्र सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्यूटीत पूर्वी सहा लँडिंग चालत, ती दोनवर आणली. हे नियम टप्प्याटप्प्याने आले, शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी. पुढे काय झाले ते आपण टीव्हीवर पाहिलेच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून अधिक. विमानतळांवर लोक बॅगांवर डोके ठेवून झोपले होते. शेवटी रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांत त्या कंपनीला फेब्रुवारीपर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली. प्रवाशांचे हाल झाले हे खरेच, पण त्या दिवसांत एक गोष्ट फारशी कोणी बोलत नव्हते. पायलट झोपलेला असावा, एवढीच त्या नियमांची मागणी होती.

एअरलाइनमध्ये दुसरी गोष्ट म्हणजे रांग. को-पायलट डाव्या खुर्चीवर, म्हणजे कॅप्टन म्हणून, कधी बसणार हे त्याचे उड्डाणाचे तास, परीक्षा आणि सिनिऑरिटी यांवर ठरते. त्यासाठी वरचे लायसन्स लागते, त्याला १५०० तास हवेत. कंपनी सोडली की रांगेतला नंबर गेला. शिवाय सोडणेही सोपे नाही. २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते.

पण "एअरलाइन म्हणजे पक्की नोकरी" असे जे आपल्याकडे समजतात ते काही खरे नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. त्या त्या वेळी वीस-वीस वर्षांच्या कॅप्टनांनाही नव्या कंपनीत रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले.

खासगी जेटचे जग मुंबईच्या त्याच विमानतळावर आहे, पण दुसऱ्या दारात. कलिना बाजूला त्यांचे वेगळे टर्मिनल आहे. तिथे ना रांगा, ना ट्रॉल्या. विमानात दोन पायलट, कधी एक केबिन अटेंडंट आणि मागे चार-सहा माणसे. मी ज्यांच्याशी बोलले ते कॅप्टन आता साठीच्या जवळ आहेत; एअरलाइन सोडून जेटवर येऊन त्यांना बारा वर्षे झाली. ते म्हणाले, "मॅडम, एअरलाइनचा पायलट उडतो. आमचं काम म्हणजे थांबणं."

सकाळी साहेबांना घेऊन दिल्ली. मीटिंग दोन तासांची असते, ती सहा तासांची होते. पायलट विमानतळावर बसून. संध्याकाळी फोन येतो, मुंबई नको, आता हैदराबादला जायचे आहे. मग नवा मार्ग, नव्या परवानग्या, इंधन, हवामान. एअरलाइनमध्ये हे सगळे करणारे खाते वेगळे असते, इथे बरेचसे पायलटांनाच बघावे लागते. जेवण आले का, सामान नीट बसले का, पाहुण्यांची गाडी विमानाच्या शिडीपर्यंत येणार का, हेसुद्धा. "मी बॅगा उचलल्या आहेत, शेवटची बिस्किटं संपली म्हणून माणूस पिटाळला आहे," ते हसत म्हणाले. मुंबईत विमान उभे करायला जागा कमी, म्हणून कधी साहेबांना उतरवायचे आणि रिकामे विमान दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायचे. निवडणुका आल्या की चार्टरवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

त्याबदल्यात मिळते तेही कमी नाही. वर्षभरातले उड्डाणाचे तास एअरलाइनपेक्षा बरेच कमी, मुक्काम चांगल्या हॉटेलात, दरवेळी नवे शहर. आठवड्यात चार दिवस सलग फोनच आला नाही असेही होते. पण ते चार दिवस तुमचे नसतात. कॅप्टन साहेबांच्या बेगमनी मला हे फार नेमके सांगितले: "हे घरी असतात, पण बॅग दाराशी असते. लग्नाला गेलो तरी मुंबईपासून दोन तासांच्या आत. मुलांच्या लहानपणी मला हे झेपलं नसतं. आता मुलं मोठी झाली, आता चालतं."

अमेरिकेत नेटजेट्ससारख्या मोठ्या खासगी कंपन्यांत सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी अशी पद्धत आहे. त्या सात दिवसांत फोन येत नाही. आपल्याकडेही काही ठिकाणी ठरलेल्या दिवसांचे करार होतात, पण एका मालकाचे एकच विमान आणि दोन-तीनच पायलट असतील तर कागदावरची सुट्टी मालकाच्या मर्जीवर असते. करारात काय लिहिले आहे आणि पायलट किती आहेत, हे पगाराच्या आधी विचारावे, असे कॅप्टन साहेबांनी बजावले.

मला सर्वात जास्त विचार करायला लावला तो "नाही" म्हणण्याच्या प्रश्नाने. हवामान बिघडले तर एअरलाइनचा कॅप्टन विमान वळवतो, प्रवासी चिडतात, पण त्याच्या पाठीशी कंपनी आणि नियमांचे पुस्तक असते. प्रवाशाला त्याचे नावसुद्धा माहीत नसते. जेटच्या पायलटला ज्याला "नाही" म्हणायचे तो माणूस दहा फुटांवर मागे बसलेला असतो आणि त्याचा पगारही तोच देतो. त्यात लहान गावांच्या धावपट्ट्यांवर मोठ्या विमानतळासारखी उपकरणे नसतात. अनेक ठिकाणी रात्री उतरण्याची सोय नाही. साहेबांची सभा लांबली, सूर्य खाली गेला, आणि "जरा बघा ना, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे" असे कोणी म्हणाले, तर? कॅप्टन साहेब म्हणाले, "मी पहिल्याच महिन्यात एकदा नाही म्हटलं. ते रागावले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी चहा मागवला. पण तेव्हा माझं वय ४७ होतं, तास दहा हजार होते आणि घराचं कर्ज फिटलं होतं."

हे शेवटचे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्याला शब्दशः सांगितले.

खासगी मालक नेहमी अडवणूकच करतात असे मात्र समजू नये. सौदी अरेबियाची पहिली महिला पायलट हनादी अल-हिंदी हिला संधी दिली ती प्रिन्स अलवलीद बिन तलाल यांच्या कंपनीने. मक्केत जन्मलेल्या या मुलीने जॉर्डनमध्ये ट्रेनिंग घेतले आणि २००४ मध्ये त्या कंपनीने खासगी जेटवर पायलट म्हणून तिच्याशी करार केला. सौदीत बायकांना मोटार चालवायची परवानगी मिळाली ती त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये! एका मालकाच्या मर्जीने दारे बंद होतात तशी कधी उघडतातही.

डिसेंबरच्या मध्यावर मी त्याच्या घरी गेले. अब्बा ओटीवर बसले होते. त्यांना सिनिऑरिटी, टाइप रेटिंग वगैरे समजावायला मी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "आपा, मला कळतं. मी एसटीत होतो आणि माझा भाऊ मुंबईला एका शेठच्या गाडीवर होता. त्याचा पगार माझ्याहून जास्त. शेठ भला माणूस, ईदला कपडे द्यायचा. पण आमची वालिदा गेली तेव्हा भाऊ शेठला घेऊन महाबळेश्वरला होता. मीसुद्धा त्या रात्री मुक्कामी गाडीवर होतो. फरक एवढाच, की डेपोनं माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर पाठवला, आणि मी मातीला पोचलो. भावाच्या जागी पाठवायला दुसरा कोणी नव्हता."

ओटीवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग सून आतून म्हणाली, "पण अब्बा, दिल्लीत ते एकटे राहतात त्याचं काय? दोन वर्षांची होईल आता ही. अब्बा म्हणजे मोबाइलमधला माणूस असं वाटतं तिला." तिचेही खोटे नव्हते. खरे सांगायचे तर मला तिचेच म्हणणे जास्त लागले.

माझे मत मी सांगितले. तो जर पन्नाशीचा असता, कॅप्टन होऊन गेला असता, तर मी म्हटले असते, जा. आज त्याच्याकडे २,६०० तास आहेत, कर्जाचे सहा हप्ते नव्हेत तर सहा वर्षे बाकी आहेत, आणि कॅप्टनच्या रांगेत तो दीड-दोन वर्षांवर आला आहे. या वेळी रांग सोडून उजव्याच खुर्चीवर, फक्त लहान विमानात, बसायचे. आणि "नाही" म्हणायची ताकद यायच्या आधीच रोज "नाही" म्हणायची वेळ येऊ शकेल अशा जागी जायचे, हे मला पटत नव्हते. पण बायको-मुलीला चिपळुणात ठेवून दिल्लीत दोन वर्षे काढणेही मला पटत नव्हते. मी तिला विचारले, दिल्लीला जाशील का? ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही."

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. जेटवाल्यांना त्याने नम्रपणे नकार कळवला आहे. कंपनीकडे मुंबई बेससाठी अर्ज टाकला आहे. नंबर लागेपर्यंत तिघे दिल्लीत राहतील. दोन खोल्यांचे भाड्याचे घर पाहिले आहे, विमानतळापासून चाळीस मिनिटांवर. सामान बांधायला अम्मी बरोबर जाणार आहे.

अब्बांचे विचारले तर हसायला लागला. नव्या महिन्याचे रोस्टर त्याने घरी पाठवले होते. अब्बांनी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन ते ओळीने तपासले आणि रात्री दहाला त्याला फोन केला: "१४ आणि १५ तारखेला बघ. लागोपाठ दोन रात्री लावल्यात तुला. कंट्रोलरला विचार, तिसरी नाही ना लावत."