शेवटच्या ओळीवर नजर

गोव्यातल्या नार्वेच्या फेरीधक्क्याला मांडवी नदीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याची भरती या नदीतून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेंपर्यंत जाते आणि नार्वे तिच्या वाटेवरच आहे. याच नदीच्या मुखाशी, वेरें येथे, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवले होते. ठरावीक मिनिटांनी ते पातळी मोजायचे आणि मोबाइलच्या जाळ्यातून संगणकाकडे धाडायचे. तारीख, वेळ, पातळी अशी नोंद वाढत जायची.

१२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळ ८.४ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याने उठलेली त्सुनामी हिंदी महासागर ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा ती मांडवीच्या रोजच्या भरती-सुकतीत सहज हरवून जाईल इतकी क्षीण झाली होती. तरीही वेरेंच्या यंत्राने ती टिपली आणि इंटरनेटवर जवळजवळ त्याच वेळी दाखवली. घडणाऱ्या गोष्टीची नोंद घडत असतानाच वाचायची, ही किमया आपल्या टेबलावरच्या संगणकातही दिवसरात्र चालू असते.

प्रत्येक संगणक आपली रोजनिशी लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, ‘डीमेसेज’ ही आज्ञा तिच्या ‘वाट पाहा’ या पर्यायासह द्या आणि एक पेनड्राइव्ह लावा. क्षणात ओळी उमटतात: नवे उपकरण आले, ते अमुक कंपनीचे, त्याची क्षमता इतकी, त्याला हे नाव दिले. प्रत्येक ओळीआधी संगणक सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात, दशांश चिन्हापुढे सहा अंकांपर्यंत. आपण ‘लगेच झाले’ म्हणतो, त्या एका क्षणात किती पायऱ्या होत्या ते तिथे मोजून दिसते.

फाइलमध्ये साठणारे लॉग पाहायला, लिनक्स ज्या घराण्यातली त्या युनिक्सच्या जगात ‘टेल’ ही आज्ञा आहे. एरवी ती फाइलच्या शेवटच्या दहा ओळी दाखवून थांबते. तिला लहान लिपीतला ‘एफ’ हा पर्याय जोडला, की ती थांबायचे नाकारते. फाइल संपली तरी ती टोकाशीच उभी राहते आणि पुढची ओळ आली की दाखवते. पूर्वी त्यासाठी ती सेकंदभर झोपायची, उठून फाइल वाढली का ते बघायची, पुन्हा झोपायची. २००५ साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘इनोटिफाय’ ही सोय आली. आता फाइल बदलली की गाभाच हाक मारतो.

आश्चर्य पुढे आहे. पडद्यावर उमटलेली ओळ त्या घडीला डिस्कवर पोचलेलीही नसू शकते. लिहिलेला मजकूर गाभा आधी मेमरीत ठेवतो, डिस्कवर सवडीने उतरवतो आणि वाचणाऱ्याला मेमरीतूनच देतो. त्याच वेळी वीज गेली, तर आपण डोळ्यांनी वाचलेली ओळ नंतर फाइलमध्ये सापडणारही नाही. उलटही घडते. काही प्रोग्राम ओळी स्वतःकडे साठवून एकदम सोडतात. मग पडदा बराच वेळ गप्प राहतो आणि अचानक ओळींचा लोंढा येतो.

फार वाढलेली फाइल बाजूला सारून त्याच नावाने नवी सुरू करण्याचीही पद्धत आहे. अशा वेळी ‘टेल’ जुन्याच फाइलला धरून राहते, कारण नाव बदलले तरी तिने उघडलेली फाइल तीच असते. नव्या फाइलकडे वळायचे असेल, तर मोठ्या लिपीतला ‘एफ’ द्यावा लागतो. मग ती नावाचा माग ठेवते.

लॉग सरावाने पाहणारा माणूस प्रत्येक ओळ वाचत नाही. त्याला अंतरे कळतात. दर मिनिटाला येणारी ओळ आली नाही, तर कुठे तरी काही अडले आहे. एकच ओळ भराभर येऊ लागली, तर कोणी तरी पुन्हापुन्हा दार ठोठावत आहे. वेरेंच्या नोंदीतही त्सुनामी अशीच ओळखता येते. भरतीचे गणित आधीच करता येते. मोजलेल्या पातळीतून ते वजा केले, की उरते ते अनपेक्षित पाणी.

म्हणून संगणक बिघडण्याची वाट न पाहता, तो नीट चालत असतानाच त्याचा लॉग उघडून बसा. निरोगी यंत्राची लय ज्याने पाहून ठेवली आहे, त्यालाच पुढे तिच्यातला पहिला खंड दिसतो, आणि तोही चूक कळवणारी ओळ उमटण्याच्या आधी.