रंध्याच्या आवाजातली मोटार

मोटारीचा कारखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सरकत्या पट्ट्यावरून भराभर पुढे जाणाऱ्या गाड्या, यंत्रांचा खडखडाट, तेलाचा वास! पण सुताराच्या दुकानासारखा लाकडाच्या भुशाचा वास येणारा मोटारीचा कारखानाही जगात आहे, बरं का! मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला जाणं झालंच, तर तो जरूर पाहून या.

हा कारखाना ‘मॉर्गन’ कंपनीचा. मॉल्व्हर्न टेकड्यांच्या कुशीत, मॉल्व्हर्न लिंक या गावी. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून आगगाडीनं जाता येतं. कारखाना पाहायला आधी नाव नोंदवावं लागतं. पायात मात्र चालायला सोयीच्या चपला-बूट असू द्या, कारण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हिंडायचं असतं.

एच. एफ. एस. मॉर्गन हा पाद्र्याचा मुलगा. त्यानं १९०९ मध्ये तीन चाकांची हलकी मोटार बनवली. पुढे वडिलांनीच भांडवल पुरवलं. तीनचाकीला कर मोटारसायकलीइतकाच, म्हणून बेताच्या मिळकतीच्या लोकांनाही ती परवडे. त्याची बहीण डोरोथी ही गाडी स्पर्धांत चालवत असे! चारचाकी गाडी आली ती १९३६ मध्ये.

आता सुतारखात्यात या. ॲश झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, साच्यात आवळून ठेवतात. वाळल्या की चाकावरची सुबक कमान तयार. हे लाकूड हलकं नि चिवट. क्रिकेटचे स्टंप याचेच असतात. मात्र ‘मॉर्गनची चासी लाकडी’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चासी धातूचीच, लाकडाचा असतो तो वरचा सांगाडा, ज्यावर पत्रा चढतो. पुढच्या खात्यात चामडं बेतून शिवणारी मंडळी दिसतील. तिथे तुमचा पाय हमखास रेंगाळणार! एखादी सुरकुती राहिली तर तुमच्या आधी त्यांच्याच डोळ्यांना खुपते.

अशा हातकामाला वेळ लागतो. १९९० मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात सर जॉन हार्वे-जोन्स या नामांकित उद्योगपतींनी सल्ला दिला, ‘गाड्या वाढवा, पद्धती बदला.’ गिऱ्हाइकं तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षं ताटकळत होती, म्हणजे सल्ला काही वेडगळ नव्हता. पण मॉर्गन कुटुंबानं तो जसाच्या तसा मानला नाही. गंमत म्हणजे त्या कार्यक्रमानंतर मागणी वाढलीच!

म्हणून काय त्यांनी काहीच बदललं नाही? तसं नाही हं. जुनी पोलादी चासी २०२० मध्ये बंद झाली, तिच्या जागी ॲल्युमिनियमची आली. २०१९ मध्ये तर कंपनीतला मोठा हिस्सा कुटुंबाकडून इटालियन गुंतवणूकदारांकडे गेला. लाकडी सांगाडा मात्र टिकला. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हा प्रश्न मालकांना आहे, तसाच तिथल्या कारागिरांनाही. कारण उद्या रंधाच थांबला, तर हातातलं कसब शिकवायचं कुणाला?

हाच प्रश्न पापड, गोधड्या, शिवणकाम यांवर घर चालवणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणींपुढेही आहे. तेव्हा पुढच्या वेळी शिवणाऱ्या ताईंशी घासाघीस करण्याआधी, त्या टाक्यांना किती वेळ लागला असेल, एवढं जरा मनात आणा.