संगणकाला घाम येत नाही

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी पंख्याखाली आपल्याला बरे वाटते, कारण घामाची वाफ होते. संगणकाला घाम येत नाही! त्यातला पंखा प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. समजा, पंखा चालू असताना प्रोसेसर हवेपेक्षा ३० अंशांनी अधिक तापतो. मग २५ अंशांच्या खोलीत तो ५५ वर राहील, ४५ अंशांच्या खोलीत ७५ वर.

नेहमीच्या पंख्यात मोटर मध्यभागी असते, म्हणून मधोमध वारा लागत नाही. आणि बहुधा नेमका तिथेच खाली प्रोसेसर असतो. यावर उपाय म्हणून काही पंख्यांत पात्यांच्या टोकांशी चुंबक व चौकटीत तारेची वेटोळी बसवली गेली. कल्पना नामी, पण बेअरिंग मधोमध राहिलेच. उष्णतेने त्यातले वंगण आटते आणि पंखा कुरकुरू लागतो.

अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या जेफ कोपलो यांनी २०१० मध्ये याहून धाडसी रचना मांडली. तीत उष्णता बाहेर टाकणारी धातूची पातीच फिरतात. स्थिर तळ आणि फिरती पाती यांच्यात मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश एवढी हवेची फट असते. उष्णता ती ओलांडून जाते. फिरत्या पात्यांवर धूळ कमी बसते, हा मोठाच फायदा. मात्र इतकी बारीक फट वर्षानुवर्षे सांभाळणे अवघड, आणि घरगुती संगणकांत ही रचना रुळली नाही.

कापसाच्या मुलुखात धुळीबरोबर तंतूही आत जातात आणि पट्ट्यांमधल्या फटी बुजतात. वेष्टनावरचा वाऱ्याचा आकडा सहसा समोर अडथळा नसतानाचा असतो, हे पंखा निवडताना ध्यानात घ्यावे.